कोरडवाहूची सही न झालेली वही

सुमेध,

तुझी तिसरी वही माझ्याकडे आहे. निळ्या कव्हरची, दोनशे पानी. आत नऊ गाणी आणि प्रत्येक गाण्याखाली माझ्या सहीसाठी तू सोडलेली दोन ओळींची मोकळी जागा. तू जाऊन आज एकोणीस दिवस झाले.

हे मी तुला लिहिते आहे, पण वाचणार आहेत ईशान आणि तन्वी. माझ्या लेकीची ही दोन मुलं कॅनडात वाढली. तुला ती वर्षातून दोनदा व्हिडिओवर भेटली, तरी तुझी गाणी त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. परवा तन्वीने फोनवर विचारलं, "आजी, मामाचा तिसरा अल्बम का नाही आला?" मी म्हणाले, आवाज तुटतोय, नंतर बोलू. आवाज अजिबात तुटत नव्हता. आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं आणि नातीला तोंडावर खोटं सांगितलं. म्हणून लिहायला बसले. त्या दोघांना कळावं म्हणून तुला माहीत असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. तेवढं ऐकून घे.

तू माझ्या भावाचा मुलगा आणि शाळेत माझा विद्यार्थी. हसनाबादहून भोकरदनला शिकायला आलास तो आमच्याच घरी राहिलास. शाळेत 'मॅडम' आणि उंबऱ्याच्या आत 'आत्या', हा नियम माझा. तू तो इतका काटेकोर पाळलास की एकदा घराच्या पायरीवर उभा राहून मला मॅडम म्हणालास, आत पाऊल टाकलंस आणि लगेच "आत्या, भूक लागली" म्हणालास.

अकरावीत होतास. एका दुपारी मी शाळेतून आले तर शेजारच्या काकू आमच्या अंगणात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या पोराच्या अंगात आलंय वाटतं. दोन घंटे झाले, आतून डरकाळ्या येऊन राह्यल्या." आत जाऊन पाहिलं तर तू डोक्यावरून गोधडी घेऊन बसलेला. गोधडी ओढली तेव्हा घामाने निथळत होतास आणि चेहऱ्यावर आजारपणाचं काहीही नव्हतं. हे तुझ्या वडिलांच्या कानावर गेलं. दादा पुढच्या गाडीने हजर. दारातूनच म्हणाले, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगात येतं व्हय रे?" तू शांतपणे सांगितलंस, "अंगात न्हाई आलं, आबा. रियाज करून राह्यलो."

त्या संगीताला मेलोडिक डेथ मेटल म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. तीन शब्दांपैकी पहिला मला समजला, दुसरा आवडला नाही आणि तिसऱ्याचे कारखाने जालन्यात आहेत, एवढंच मी म्हणाले. तू हसला नाहीस. पोटावर हात ठेवून मला समजावत बसलास की हे ओरडणं नव्हे, हवा पोटातून ढकलायची असते, घसा मोकळा ठेवायचा असतो. मी ज्येष्ठमधाची डबी तुझ्यापुढे सरकवली. माझ्या परवानगीची पद्धत तीच होती, आणि तुला ती माहीत होती.

पुढे बँड झाला. कोरडवाहू. गळा आणि एक गिटार तुझी, दुसरी गिटार टेंभुर्णीच्या गणेशची, ड्रम आपल्या भोकरदनच्या अझरचे. बेस वाजवणारे दर दोन-तीन वर्षांनी लग्न करून बदलत गेले. तालमीला जागा गणेशच्या वडिलांचं मक्याचं गोदाम, तेही रिकामं असेल तेव्हाच. तू जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासायचं काम धरलंस. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि किती फुटले ते मोजायचं. रविवारी सकाळी गाडीला किक मारून टेंभुर्णी, दुपारी माझ्याकडे जेवायला. इतकी वर्षं हा क्रम मोडला नाही.

ईशानने एकदा विचारलं होतं की तुमच्या प्रत्येक गाण्याची सुरुवात नुसत्या ड्रमनी का होते. पुण्याच्या कुणा समीक्षकाने त्यावर पानभर लिहिलं होतं. त्याला त्यात काहीतरी आदिम विधी दिसला. अझर मला येऊन म्हणाला, "विधी कशाचा मॅडम! टेंभुर्णीला लाइट यायची न्हाई टायमाला. ड्रमला लाइट लागत न्हाई. मी सुरू करायचो, हे दोघं गिटार गळ्यात घालून बल्बाकडं बघत बसायचे. बल्ब लागला की गाणं." आणि तसंच ते रेकॉर्डवर गेलं, कारण तुम्हाला गाणं तसंच पाठ झालं होतं.

पहिला अल्बम तुम्ही इंग्रजीत केलात. शब्द तपासायला माझ्याकडे आणलेस आणि तिथे मी चुकले. मी ते दहावीच्या निबंधासारखे तपासले. जिथे तू तीन शब्दांत शिवी दिली होतीस तिथे मी सात शब्दांचं निर्दोष वाक्य केलं. तू ते सगळं जसंच्या तसं गायलास, कारण मी सांगितलं होतं. बंगळुरूच्या एका मुलाने लिहिलं की या बँडचा संताप शिकवणीला जाऊन आलेला आहे. मला रडू आलं. तू मात्र पाटावर बसून आमटी ओरपत होतास. म्हणालास, "बराबर लिहिलंय त्यानं. आता मराठीत लिहितो. मराठीतले ट, ठ, ड, ढ कसे दगडावानी पडतात. पण तपासायचं तूच."

"मी नाही आता. पुन्हा वाट लावीन."

"तू लाल पेन घेतलं की मला कळतं कुठं मी बंडल मारलंय. व्याकरण सोड. बंडल तेवढं पकड."

आणि तेव्हापासून नियम झाला की माझी 'तपासले' अशी सही असल्याशिवाय कोरडवाहूचं एकही गाणं रेकॉर्ड होणार नाही. मला वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. दुसऱ्या अल्बमच्या वेळी मी लग्नाला नाशिकला गेले होते तर तुम्ही तिघं चार दिवस स्टुडिओची वेळ पुढे ढकलून थांबलात. आठ गाण्यांखाली माझ्या आठ सह्या आहेत. तन्वीकडच्या त्या अल्बमच्या आतल्या पानावर त्यांचा फोटो आहे.

तो दुसरा अल्बम चांगला होता. हे मी तुला कधी सरळ सांगितलं नाही. "ठीक जमलंय" एवढंच म्हणाले. तो घेऊन तुम्ही पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला वाजवून आलात. जालन्याला मात्र हॉल मिळाला आणि फजिती झाली. साउंडवाला तुमच्या गिटारीचा आवाज सारखा कमी करायचा. शेवटी तो घाबरून स्टेजवर आला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या गिटारीनं माझा स्पीकर फाटला." तू म्हणालास, "फाटला न्हाई. फाटलेलाच पाहिजे तसा." त्याला काही ते पटेना. उरलेला कार्यक्रम त्याने हात बटणावर ठेवून, दुःखी चेहऱ्याने काढला. मी पहिल्या रांगेत बसून हे पाहत होते. माझी सहानुभूती त्याच्याकडे होती.

मला तुमचं संगीत समजलं ते फार उशिरा, माझ्या स्वयंपाकघरात. मी मेथी निवडत होते आणि तू मला तिसऱ्या अल्बमची धून ऐकवत होतास. एक गिटार खालून मळणीयंत्रासारखी धडधडते आणि तिच्यावरून दुसरी अशी काही लांब, सरळ, दुखरी ओळ गाते की हातातली जुडी खाली ठेवावी लागते. मी विचारलं, इतकी चांगली चाल आहे तर तिच्यावर तू गुरगुरतोस कशाला? तू म्हणालास, "आबांची गायन पार्टी आठव." दादा पुढे उभे राहून भीमगीताची ओळ टाकायचे आणि मागचे चौघं झीलकरी ती शेवटाला उचलून वर धरायचे. "माझा गळा नुसती ओळ टाकतो," तू म्हणालास. "सूर मी त्याच्यात ठेवलाच न्हाई. सूर गिटारीला दिला. त्या दोघी झील धरतात."

मला एकदम सगळं दिसलं. जयंतीचा मांडव, पेटी, दादांचा वर गेलेला हात. आणि दिसलं म्हणूनच मी चिडले. मी म्हणाले, हे सगळं जर दादांकडून घेतलंस तर त्यांच्यासाठी एक गाणं, एकच, माणसाच्या आवाजात गा. शाळेत प्रार्थना तू सांगायचास, मला तुझा आवाज माहीत आहे. दादा आता थकले. त्यांना मुलाचा आवाज ऐकायचा असेल की नाही?

"हा माणसाचाच आवाज हाय, आत्या."

"मोकळ्या आवाजात म्हणतेय मी."

"हाच माझा मोकळा हाय."

मी वही मिटली. म्हणाले, नऊ गाण्यांपैकी एक मोकळ्या आवाजात गाशील असं कबूल कर, मग सही करते. तोवर वही माझ्याकडे राहील. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं भांडशील. तू फक्त, "बरं, तपासत बस मंग," म्हणालास आणि ताट धुवायला गेलास.

ईशान, तन्वी, तिसरा अल्बम न येण्याचं कारण एवढंच आहे. सहीचा नियम शब्दांपुरता, त्यामुळे गिटारी आणि ड्रम रेकॉर्ड करून झाले होते, राहिला होता फक्त आवाज. वही माझ्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

आठ महिने, सुमेध! तू दर रविवारी आलास, जेवलास, माझ्या मोबाईलमध्ये साठलेली सुप्रभातची चित्रं काढून टाकलीस, बल्ब बदललास, आणि वहीचं नाव घेतलं नाहीस. एकदा कपाटाशी उभा राहिलास. मी म्हणाले, "काय पाहिजे?" म्हणालास, "काही न्हाई, टॉवेल." टॉवेल त्या कपाटात कधीच नसतात. मला आतून आनंद झाला की आता हा वाकतोय. असा आनंद झाला होता हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता. ते शब्द तुला पाठ होते. वहीशिवाय, सहीशिवाय तू सरळ जाऊन गाऊ शकला असतास. मी काय कोर्टात जाणार होते? पण नाही. तू नियम पाळत बसलास. नियम कुठे मोडायचा असतो हे मी तुला शिकवलं नाही, ही माझ्या शिकवण्यातली मोठी उणीव.

शेवटच्या रविवारी तू छातीवर हात चोळत आलास. "आत्या, ॲसिडिटी झालीय, ओवा दे." मी ओवा दिला. वर सैंधव दिलं. म्हणाले, बाहेरचं खाणं कमी कर. शंभर दाण्यांतले किती उगवले ते दोन-दोनदा मोजणारा तू, आणि मी पहिल्या बाकावरच्या मुलाला चष्मा लागल्याचं त्याच्या आईच्या आधी ओळखणारी बाई. दोघांनी मिळून ओव्यावर भागवलं. गुरुवारी गणेशचा फोन आला.

यापुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते.

हसनाबादला तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, माणसं जेवायला बसली, तेव्हा अझर आणि गणेश माझ्याजवळ आले. अझरने खूप वेळ नुसती चप्पल सरळ केली. मग म्हणाला, "मॅडम, वही." गणेश म्हणाला, "त्याचा आवाज तं गेला. पण शब्द हायेत तुमच्यापाशी. बाकी सगळं तयार हाय. मागच्या अल्बमात अझर त्याच्या मागं गातच होता. तो गाईल. तुम्ही म्हणाल तरच."

मी म्हणाले, दादांना विचारते. मला खरंच वाटत होतं की त्यांना विचारणं मला भाग आहे. दादा लिंबाखाली खुर्चीवर बसले होते. मी त्यांना सांगितलं की पोरं वही मागताहेत, आणि एक गाणं मोकळ्या आवाजात व्हावं म्हणून मी ती अडवली होती. त्यांच्यासाठी.

"माझ्यासाठी?" दादा म्हणाले.

"तुला त्याचा आवाज ऐकायचा होता ना."

"म्या तं ऐकलाय. संभाजीनगरला गेल्तो त्याच्यासंगं. दोनदा."

"कधी?"

"मागल्या साली एकदा अन् दिवाळीनंतर एकदा. त्यानंच कानात घालायला कापूस दिल्ता. मागं खुर्ची टाकून बसवलं. लई बराबर गात होता, शालन. शब्द समदे न्हाई कळले, पण ओळ कुठं टाकतो अन् झील कुठं उचलती ते कळलं. फक्त तिसऱ्या कडव्याला दम पुरत न्हवता. येताना गाडीत सांगितलं, एवढ्या जल्दी सगळी हवा खर्च करू नको. दुसऱ्या बारीला सुधारलं त्यानं."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं कुणी? दादांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं लहानपणी मी चुकीच्या वाटेने घरी आले की पाहायचे.

"तोच म्हणला, आत्याला सांगू नका. तिला भांडू द्या. भांडण असलं की ती वही नीट वाचती."

त्या क्षणापासून मी तुझ्यावर चिडलेली आहे. दुःख आहेच, ते कुठे जात नाही, पण त्याच्या पुढे राग येऊन बसला आहे. माझ्या अटीला पाया नाही हे तुला आठही महिने माहीत होतं. "आबा ऐकून आलेत" एवढे तीन शब्द. तू बोलला असतास तर मी थोडी फणफणले असते, पंधरा मिनिटांत सही केली असती, आणि आज त्या नऊ गाण्यांवर तुझा आवाज असता. तुला माझं वाचन हवं होतं म्हणे. वाचलं ना मी! नऊ गाणी मी इतक्यांदा वाचली की आता मला ती तुझ्या गुरगुरण्यात ऐकू येतात, आणि ती फक्त मलाच येतात. ईशानला येत नाहीत, तन्वीला येत नाहीत. असला कसला तुझा डाव?

आणि मी तरी दादांना एकदा विचारायला काय झालं होतं? हसनाबाद काय परदेशात आहे? मी विचारलं नाही कारण मला वाटत होतं उत्तर मला माहीत आहे. मोकळा आवाज दादांना नको होता. मला हवा होता. प्रार्थना सांगणारा तो मुलगा मला परत हवा होता आणि ते मागताना मी भावाचं नाव पुढे केलं. हे तुला समोर बसवून सांगायला हवं होतं. तू आमटी ओरपत ऐकलं असतंस आणि म्हणाला असतास, "आत्या, आता पकडलं बघ बंडल."

इथवर लिहून हे पत्र मिटून ठेवलं होतं. रविवारी सकाळी मी वही घेऊन टेंभुर्णीला गेले. गणेशने गोदामात माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. मी वही अझरच्या हातात दिली. त्याने शेवटचं पान पाहिलं आणि परत माझ्याकडे केली.

"सही, मॅडम."

"अरे, आता सही कशाला?"

"न्हाई. नियम हाय."

मी पर्समधून पेन काढलं. एकेक गाणं पुन्हा वाचलं आणि सही केली. पाच झाली. सहाव्यापाशी थांबले. त्यात एक ओळ आहे, 'मी कुणाचाच कुणी नाही'. तिच्याभोवती मी आठ महिन्यांपूर्वीच लाल गोल केला होता. आता तर ती वाचवेना. समोर मान खाली घालून उभा असलेला अझर, गिटार गळ्यात अडकवून भिंतीला टेकलेला गणेश, हसनाबादला खुर्चीवर बसलेले दादा, कॅनडातली ती दोन मुलं, आणि हातात पेन घेऊन बसलेली मी. कुणाचाच कुणी नाही म्हणे!

गणेशने मागून वाकून पाहिलं. "ही ओळ का मॅडम? ते गाण्यातलं माणूस बोलतंय, सुमेध न्हाई."

"मला कळतं गाण्यातलं माणूस."

अझर म्हणाला, "बदलून टाका मंग. तुम्हाला हक्क हाय."

मी खूप विचार केला. शब्द सुचतही होते. पण जो माझ्याशी त्या शब्दांवरून भांडला असता तो नसताना बदलणं म्हणजे चोरी झाली असती. मी तो लाल गोल तसाच ठेवला. खाली लिहिलं, 'तपासले. पटले नाही.' आणि सही केली.

अझरने ते वाचलं. "मॅडम, मंग हे गाऊ का नको?"

"गा. लिहिलंय तसंच गा."

उरलेल्या तीन गाण्यांवर सह्या करून मी बाहेर जायला निघाले होते, पण दारातच थांबले. गणेशने सहाव्या गाण्यातल्या त्याच्या आणि तुझ्या गिटारीचं रेकॉर्डिंग लावलं. अझर माइकपुढे उभा राहिला, पोटावर हात ठेवला आणि ती ओळ आली. चांगला गायला तो. दम पुरला. मी नीट ऐकली. त्याच्या गळ्यातूनही ती खोटीच निघाली, सुमेध.